धुऱ्यावरचा साग ओट्याखाली आणा. पण ओला नको!

शेतकरी बंधूंनो, आपल्या महागाव तालुक्यात घर बांधण्याचा क्रम आता ठरून गेला आहे. आधी स्लॅब पडतो, मग फरशी बसते, मग ओटा होतो. ओटा झाला की घरातून मागणी येते, "ओट्याखाली दारं करा, भांड्यात झुरळं शिरतात." मागणी रास्तच असते. मग कोणीतरी पुसदला नाही तर उमरखेडला जातो आणि सनमायका लावलेल्या भुशाच्या पाट्या घेऊन येतो. दिसायला चकचकीत, दोन दिवसांत काम खलास. पण आपल्या घरातली फरशी रोज पाण्याने धुतली जाते, सिंकखाली ओल असते. दोन पावसाळे गेले की पाटीच्या कडा भाकरीसारख्या फुगतात, बिजागरीचे स्क्रू भुशातून निसटतात आणि दार हातात येते.

आणि त्याच घराच्या वावरात, धुऱ्यावर, वडिलांनी राखलेला साग उभा असतो! तो मात्र एखाद्या अडचणीच्या वर्षी व्यापाऱ्याला उक्ता दिला जातो. या उलट्या व्यवहाराबद्दल लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

काही शेतकरी शहाणपणा करतात आणि घरचाच साग वापरतात. पण तिथे दुसरी चूक होते. झाड माघात तोडले, आठ दिवसांत आरा मशीनवर चिरले, आणि अक्षय तृतीयेच्या वास्तुशांतीआधी दारे लागली पाहिजेत म्हणून सुताराच्या मागे तगादा. सुतार बिचारा करून देतो. जूनपर्यंत फळीला चीर जाते, दार पंख्याच्या पात्यासारखे वळते, आणि बोल मात्र सुताराला लागतो. "सागसुद्धा वाकतो काय?" असे लोक विचारतात. वाकतो. ओला असला तर सागही वाकतो. पंचवीस-तीस वर्षे वाढलेले झाड आठ दिवसांच्या घाईत वाया जाते, हे नुकसान कोणत्याच पंचनाम्यात येत नाही.

आपला साग काही कमी नाही

यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातल्या सागाला देशात नाव आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ च्या मार्च महिन्यात बल्लारपूरच्या डेपोतून साग गेला, हे तुम्ही वाचले असेल. त्याच वर्षी उद्घाटन झालेल्या दिल्लीच्या नव्या संसद भवनातही नागपूरकडून गेलेले सागवान आहे. आणखी मागे जायचे तर, मुंबईच्या गोदीत मलबारी सागातून बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत ठेवलेले आहे. दोनशे वर्षे पाण्यात टिकणाऱ्या जातीचे लाकूड ओट्याखालच्या चार थेंबांना काय भिणार?

पण हे सगळे कौतुक आतल्या सोनेरी-तपकिरी गाभ्याचे आहे. सालीलगतची जी पांढरट कड असते, तिला उधई आणि भुंगेरे सोडत नाहीत. धुऱ्यावर मोकळ्या हवेत भरभर वाढलेल्या कोवळ्या सागात ही कड जास्त निघते. ती दाराच्या चौकटीत घालू नका. मागच्या बाजूला, दिसणार नाही तिथे लपवून बसवण्याचा मोह होतो, तोही नको. कीड लपलेली जागा बरोबर शोधते.

तोडण्याआधी कागद

झाड तुमच्या वावरात आहे, तुमच्या बापाने लावले आहे, तरी कुऱ्हाड लावण्याआधी परवानगी लागते. झाडे तोडण्याचे नियमन करणारा राज्याचा १९६४ चा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत साग आहे. घरच्या कामासाठी तोडायचे असले तरी आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा. सातबारा लागतो, झाड हद्दीतलेच आहे याची खात्री लागते, आणि तोडलेला माल आरा मशीनपर्यंत न्यायला वाहतूक पास लागतो. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. तेव्हा अशा बांधवांनी व्यापाऱ्याकडून इसार घेण्याच्या आधीच कार्यालयात चौकशी करावी.

तलाठी आणि सरपंच मंडळींनाही इथे एक सांगणे आहे. अनेकांच्या सातबाऱ्यावर धुऱ्यावरच्या सागाची नोंदच नसते. झाड डोळ्याला दिसते, कागदावर दिसत नाही, आणि प्रकरण तिथेच अडते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत बांधावरची झाडे नोंदवण्याची सोय आहे. कपाशी-सोयाबीन नोंदवताना ती दोन मिनिटे जास्त द्या. गावात दवंडी देऊन एकदा सांगितले तरी पुढच्या दहा वर्षांच्या खेपा वाचतील.

माल चिरायला नेताना मशीन परवान्याची आहे ना, हे पाहा. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानंतर वनक्षेत्रातल्या विनापरवाना गिरण्यांवर गंडांतर आले, आणि तेव्हापासून या बाबतीत कडक धोरण आहे. विनापरवाना मशीनवर पकडलेला माल आपला आहे हे सिद्ध करता करता चपला झिजतात.

घनफुटाचा हिशेब शिकून घ्या

व्यापारी टेप लावतो, पाटीवर काहीतरी आकडेमोड करतो आणि घनफूट सांगतो. आपण मान हलवतो. ही आकडेमोड पाचवीच्या पोराला येईल इतकी सोपी आहे. ओंडक्याच्या मध्यावर घेर इंचात मोजा. त्याला ४ ने भागा. येणाऱ्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा, मग लांबीच्या फुटांनी गुणा आणि १४४ ने भागा. घेर ३६ इंच आणि लांबी १० फूट असेल तर ३६ चा चौथा भाग ९, नऊ नव्वे ८१, गुणिले १० म्हणजे ८१०, भागिले १४४ म्हणजे साडेपाच घनफुटांहून थोडे जास्त.

आता गंमत पाहा. हे चौथाईचे माप आहे. त्याच ओंडक्यात खरे लाकूड मात्र सात घनफुटांहून जास्त असते. चिरताना जाणारा भुसा आणि कडांची तूट या मापात आधीच धरलेली आहे. म्हणून "चौथाईने मोजले, आता तुटीचे आणखी कापतो" असे कोणी म्हणाले, तर एकाच गोष्टीची वजाबाकी दोनदा होत आहे असे समजा. उक्त्या सौद्यात तर मोजणीच नसते. तिथे काय जाते ते कळतही नाही.

हाच ओंडका घरी वापरला तर? दहा फुटांच्या ओट्याखाली साधारण दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी सहा दारे आणि चार खण धरा. एक इंची फळीचा हिशेब केला तर कापाकापीसकट तीन घनफुटांच्या आसपास चिराण लागते. म्हणजे छत्तीस इंच घेराच्या एका ओंडक्यात जवळजवळ सगळे स्वयंपाकघर निघते. पांढरी कड काढून टाकल्यावर कमी पडेल तेवढे वरच्या बारीक तुकड्यातून घ्या. खणांच्या दर्शनी फळ्यांना आखूड लाकूडही चालते.

वाळवणे हेच खरे काम

सुतारकाम पंधरा दिवसांचे आहे, वाळवणे काही महिन्यांचे. सावकाश वाळावे म्हणून हिवाळ्यात तोडलेले बरे. फळ्या चिरून आल्या की त्याच दिवशी त्यांच्या दोन्ही टोकांना डांबर किंवा उरलासुरला ऑइलपेंट फासा. लाकडातले पाणी टोकाकडून सगळ्यात लवकर उडते आणि चिराही तिथूनच सुरू होतात.

मग छपरी पाहा. ऊन नको, वारा हवा. जमिनीपासून फूटभर उंचीवर विटांचे थर करून त्यावर फळ्या रचा. दोन थरांमध्ये दर दोन फुटांवर एक इंच जाडीच्या वाळक्या पट्ट्या आडव्या ठेवा. या पट्ट्या खालपासून वरपर्यंत एका ओळंब्यात आल्या पाहिजेत, नाहीतर फळी त्या जागी वाकून तशीच वाळेल. सगळ्यात वर चार-सहा जड दगड ठेवा. उभ्या भिंतीला टेकवून ठेवलेली फळी हमखास धनुष्य होते, आणि गोठ्याच्या माळ्यावर ढीग करून टाकलेली आतून काळी पडते.

एक इंची फळीला आपल्या कोरड्या हवेत एक हिवाळा आणि एक उन्हाळा द्या. वाळली की नाही हे कसे ओळखायचे? ठोकून आवाजावरून सांगणारे म्हातारे सुतार आहेत, त्यांच्यावर माझा विश्वास आहे. पण किराणा दुकानातला काटा आणखी विश्वासाचा. ढिगातल्या एका फळीचा हातभर तुकडा दर आठ दिवसांनी तोला आणि वजन भिंतीवर लिहा. सलग तीन-चार वेळा वजन तेच भरले की लाकूड हवेला लागले, असे समजा. काम सुरू करण्याआधी दोन-तीन आठवडे फळ्या ज्या घरात दारे लागणार त्याच घरात आणून ठेवा.

मे महिन्याचे दार श्रावणात का अडते

इतके करूनही लाकूड स्वस्थ बसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात, आणि श्रावणात पापड मऊ पडतो. लाकूडही त्या पापडासारखेच आहे. पावसाळ्यात हवेतली ओल पिऊन ते फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीत हा फरक नावापुरता असतो, सगळा खेळ रुंदीत चालतो. सोळा इंच रुंदीची सागाची अखंड फळी मे ते श्रावण जवळजवळ दोन सूत, म्हणजे पाव इंच, रुंदावू शकते. ज्या फळीच्या टोकाकडे पाहिल्यावर वर्तुळांच्या रेघा उभ्या दिसतात तिचा फरक साधारण निम्मा असतो, आणि जिच्या तोंडावर डोंगरासारखी नक्षी असते तिचा जास्त. लोक नेमकी नक्षी पाहून भुलतात.

म्हणून तीन फळ्या शेजारी शेजारी जोडून, मागून दोन पट्ट्या घट्ट ठोकून केलेले दार घरात टिकत नाही. पट्टी हलू देत नाही आणि फळी हलल्याशिवाय राहत नाही. शेवटी फळी फाटते. जुन्या वाड्यातल्या फडताळांची दारे एकदा निरखून पाहा. चार पट्ट्यांची चौकट, आणि मधली फळी त्या चौकटीच्या खाचेत नुसती बसवलेली. तिला ना सरस, ना खिळा. ती आतल्या आत फुगते, आतल्या आत आकसते आणि बाहेरून कळतही नाही. ज्या सुताराने ते केले त्याने शाळा पाहिली नसेल, पण दोन्ही ऋतू पाहिले होते.

आजही दार असेच करायचे. चौकटीच्या पट्ट्या अडीच इंच रुंद आणि रंधा मारून पाऊण इंच जाड ठेवा. आडव्या पट्टीला इंच-सव्वा इंच लांबीचा कुसू काढा आणि उभ्या पट्टीत त्याच्या मापाचे भोक पाडा. कुसू हाताच्या दाबाने आत गेला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागला तर पट्टी चिरेल, आपोआप पडला तर दार लोंबेल. पट्ट्यांच्या आतल्या कडेला दोन सूत रुंद आणि तीन सूत खोल खाच घ्या. मधली फळी चार-पाच इंची तुकडे जोडून करा आणि तिच्या कडा खाचेच्या मापाला उतरवा. ही फळी खाचेच्या तळापर्यंत पोचू नये, दोन्ही बाजूंना सूतभर जागा मोकळी राहू द्या. काम मे महिन्यात करत असाल तर थोडी जास्तच, कारण तेव्हा फळी सगळ्यात आकसलेली असते. फळी मधोमध राहावी म्हणून वर आणि खाली बरोबर मध्यावर एकेक बारीक चूक मारली तरी पुरे.

हिशेब करून पाहा. दीड फूट रुंदीचे अखंड फळ्यांचे दार दोन सुतांहून जास्त हलते. चौकटीचे दार हलते ते फक्त दोन उभ्या पट्ट्यांच्या रुंदीपुरते, म्हणजे पुरते एक सूतही नाही. म्हणून जोडदारांच्या मध्ये उन्हाळ्यात एक सूत फट ठेवली की श्रावणात दार अडत नाही.

सरस लावण्याबद्दल एक सूचना. सागात तेल असते. रंधा मारून चार-आठ दिवस ठेवलेल्या पृष्ठभागावर ते वर येते आणि फेविकॉल नीट धरत नाही. ज्या दिवशी रंधा, त्याच दिवशी जोड. आणि उशीर झालाच तर थिनरच्या फडक्याने पुसून मग सरस. मधल्या फळीला तेल किंवा पॉलिशचा पहिला हात चौकटीत बसवण्याच्या आधी द्या. नाहीतर उन्हाळ्यात फळी आकसली की कडेने कोऱ्या लाकडाची पांढरी रेघ उघडी पडते.

खणांची गोष्ट थोडी वेगळी. खणाची दर्शनी फळी अखंड ठेवायला हरकत नाही. सहा इंच उंचीची फळी वर्षभरात पाऊण सुताच्या आसपास हलते, तेवढी फट वर-खाली सोडा. रेघ नेहमी आडवी घ्या. ही फळी आतल्या पेटीला चिकटवू नका. आतून स्क्रूने धरा आणि पेटीतली स्क्रूची भोके उभी लांबट करा, म्हणजे फळीला हलायला वाव राहतो. आणि हौस असेल तर एकाखाली एक येणाऱ्या तीनही खणांच्या फळ्या एकाच रुंद फळीतून, ओळीने कापा. वरच्या खणाची नक्षी खालच्या खणात उतरत गेलेली दिसते. यात खर्च काहीच नाही, फक्त कापण्याआधी खडूने आकडे टाकावे लागतात. बाजारच्या कोणत्याही पाटीला हे जमत नाही.

दारांचा खालचा काठ फरशीपासून चार बोटे वर ठेवा. सिंकखालच्या दारात हवेसाठी जाळी घाला.

सुताराला विचारा, आणि वेळ द्या

ट्रॅक्टर आला, तिफण आणि डवरे लोखंडी झाले, आणि गावचा सुतार बलुत्यातून मोकळा झाला. खरे म्हणजे बेकार झाला. त्याची पोरे पुण्याला सनमायका चिकटवतात. पण रंधा आणि पटाशी चालवणारे हात अजून तालुक्यात आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ कारागिरींमध्ये सुतारकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि तारण न देता आधी १ लाख व त्याची परतफेड झाल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज, तेही ५ टक्के व्याजाने, अशी तरतूद आहे. नोंदणी सेवा केंद्रावर होते, पण पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत असते. सरपंचसाहेब, तुमच्या लॉगिनवर एखादा अर्ज पडून तर नाही ना, हे आजच पाहा.

आणि तुम्ही, घरमालकांनी, सुताराशी दिवसाच्या मजुरीवर भांडण्याआधी त्याच्या हातात वाळलेले लाकूड द्या. ओले लाकूड देऊन सरळ दाराची अपेक्षा करणे म्हणजे ओल्या कपाशीला ग्रेड मागण्यासारखे आहे.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा देणारे देतात. कच्चे तेल लवकर वाळत नाही. हार्डवेअरच्या दुकानात दुहेरी उकळलेले मिळते, ते घ्या आणि पातळ हात देऊन फडक्याने पुसून काढा. मात्र तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती स्वतःच तापून पेट घेतात. हे खरे आहे, थट्टा नाही. अंगणात दोरीवर मोकळी वाळत घाला किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. जिथे रोज वाफ आणि फोडणी आहे तिथे पॉलियुरेथेनचे पॉलिश जास्त टिकते. स्पिरिटचे चपडा पॉलिश ओट्याजवळ टाळा, गरम पातेले टेकले की पांढरा डाग पडतो.

दारे लागल्यावर पहिल्या श्रावणात एकदा सगळी उघडून-मिटून पाहा. एखादे घासत असेल तर लगेच रंधा घेऊन धावू नका. कार्तिकापर्यंत थांबा, तेव्हाही घासत असेल तरच छिला. आणि वावरात जो खुंट उरला आहे त्याच्याकडे लक्ष असू द्या. साग जमिनीलगत सपाट तोडला की त्याला पुन्हा फुटवे येतात. त्यातला एक सरळ, जोमदार फुटवा ठेवून बाकीचे काढा, बकऱ्यांपासून दोन वर्षे बोराटीचे कुंपण करा, आणि पुढच्या पीक पाहणीत त्याची नोंद करून घ्या.